फ्लँजच्या माथी बुशचा खर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत आठ सीएनसी टर्निंग मशिनांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं, युनिट. एका मोठ्या कस्टमरला वर्षाला १,२०,००० फ्लँज (चकतीसारखे जोडभाग) जातात, चारच ड्रॉइंगचे. शिवाय पंप आणि जुनी मशिनरी दुरुस्त करणाऱ्या बऱ्याच पार्ट्यांना बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या) जातात. ते वर्षाला २०,००० नग, पण ७६ ड्रॉइंगचे. कारखान्याचा ओव्हरहेड, म्हणजे थेट एखाद्या नगावर न टाकता येणारा खर्च (शेडचं भाडं वगैरे सोडून), मशीन-अवर रेटने, म्हणजे मशीन चालल्याच्या तासांप्रमाणे वाटला जातो. त्या हिशेबाने फ्लँजची कॉस्ट २१५ रुपये येते. आत्ता तो २१८ ला जातो आणि कस्टमर २०५ मागतोय. बुशची कॉस्ट २६० आणि विक्री ३२५. म्हणून विचार असा, की फ्लँज सोडावा आणि बुश वाढवावेत. फक्त एक गोष्ट खटकते: तीन वर्षांत बुशचं काम दुप्पट झालं, तरी वर्षअखेरचा नफा जागचा हलला नाही. एबीसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग (खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामाप्रमाणे वाटणं) केलं तर उलगडा होईल का?

होईल. तोवर फ्लँजला नाही म्हणू नका.

खटकणारी जी गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत, खरा प्रश्न तोच आहे. नगामागे ६५ रुपये नफा देणारा माल दुप्पट विकून नफा वाढत नसेल, तर ते ६५ रुपये कागदावरच आहेत. कसे, ते सांगतो.

मशीन-अवर रेटमागे एक गृहीतक दडलेलं असतं: कारखान्यातला प्रत्येक रुपया मशीन कटिंग करतं म्हणून खर्च होतो. वीज, कूलंट, मशिनचा घसारा, मेंटेनन्स यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण सेटरचा, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी लावून देणाऱ्याचा, पगार कटिंगमुळे होत नाही, लॉट (एका वेळी लावलेला एका ड्रॉइंगचा माल) बदलल्यामुळे होतो. क्वालिटीचा माणूस नग मोजत बसत नाही, तो लॉट पास करतो. परचेस, स्टोअर आणि डिस्पॅचवाल्यांना एका चलनावर आठ नग आहेत की आठशे, याने फार फरक पडत नाही. चलन तेवढंच, फोन तेवढेच.

एका युनिटमध्ये मी अख्खी पाळी एका मशिनपाशी स्टूल टाकून बसलो होतो. सकाळी पावणेदहाला गनमेटलचे आठ बुश लावायला घेतले. आधीच्या जॉबचे जॉ (नग पकडणारे जबडे) काढले, सॉफ्ट जॉ लावून बोअर करून घेतले. प्रोग्राम जुना होता, पण ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललेलं, म्हणून सेटर ऑफिसात जाऊन विचारून आला. ऑफसेट घेतले. पहिला पीस काढला तर बोअर (आतलं भोक) चार शतांश मिलिमीटर मोठा, म्हणजे स्क्रॅप. दुसरा पीस घेऊन क्वालिटीत गेला, तर इन्स्पेक्टर दुसऱ्या पार्टीच्या डिस्पॅचचे रिपोर्ट भरत बसलेला. पाऊण तास मशीन उभं. मग जेवणाची सुट्टी. दोन वाजता जॉब सुरू झाला आणि सव्वा तासात संपला. जॉब कार्डवर नोंद काय? नग आठ, सायकल टाइम (एका नगाच्या कटिंगचा वेळ) नऊ मिनिटं. कॉस्टिंगवाल्याने त्या नऊ मिनिटांना रेटने गुणलं. आधीच्या सव्वाचार तासांची कुठे ओळसुद्धा नाही. ते गेले कुठे? ओव्हरहेडमध्ये. आणि ओव्हरहेडमधून, मशीन-तासांच्या प्रमाणात, सगळ्यात जास्त तास चालणाऱ्या जॉबच्या अंगावर. तुमच्याकडे तो जॉब म्हणजे फ्लँज.

आता तुमचे आकडे घेऊ. शेडचं भाडं, वॉचमन, मालमत्ता कर वगैरे बाजूला ठेवून तुमचा ओव्हरहेड ९६ लाख आहे. फ्लँजला १२ मिनिटं, म्हणजे वर्षाला २४,००० तास. बुशला सरासरी २४ मिनिटं, म्हणजे ८,००० तास. एकूण ३२,००० तास आणि रेट ३०० रुपये. त्यामुळे फ्लँजवर ६० रुपये आणि बुशवर १२० रुपये ओव्हरहेड चढतो.

तेच ९६ लाख, तुम्ही पाठवलेल्या तपशिलावरून, कामांप्रमाणे असे लागतात:

मशीन चालवणं: ४८ लाख, ३२,००० तास, म्हणजे तासाला १५० रुपये.
सेटिंग (दोन सेटर, हेल्पर, जॉ, पहिल्या पीसचं स्क्रॅप): १८ लाख. फ्लँजची वर्षात १०० सेटिंग, प्रत्येकी सहा तास. बुशची ६००, प्रत्येकी पाच तास. एकूण ३,६०० तास, म्हणजे तासाला ५०० रुपये.
तपासणी आणि लॉट पास करणं: १२ लाख. फ्लँजचे २०० लॉट, बुशचे ६००. लॉटमागे १,५०० रुपये.
ऑर्डर सांभाळणं (प्लॅनिंग, परचेस, स्टोअर, चलन): १० लाख. फ्लँजच्या २४० खेपा, बुशच्या ७६०. खेपेमागे १,००० रुपये.
ड्रॉइंग जिवंत ठेवणं (प्रोग्राम, फिक्स्चर, गेज, रिव्हिजन): ८ लाख. ८० ड्रॉइंग, प्रत्येकी वर्षाला १०,००० रुपये.

बेरीज करा. फ्लँजच्या वाट्याला ३६ लाख मशीनचे, ३ लाख सेटिंगचे, ३ लाख तपासणीचे, २ लाख ४० हजार खेपांचे आणि ४० हजार ड्रॉइंगचे, मिळून ४४ लाख ८० हजार. नगाला ३७ रुपये ३३ पैसे. बुशच्या वाट्याला त्याच क्रमाने १२, १५, ९, ७.६ आणि ७.६ लाख, मिळून ५१ लाख २० हजार. नगाला २५६ रुपये.

६० चे ३७ आणि १२० चे २५६. मटेरियल आणि थेट मजुरी तुमच्याच शीटमधली धरली, फ्लँजला १५५ आणि बुशला १४०, तर फ्लँज पडतो १९२ रुपयांना आणि बुश ३९६ ला. म्हणजे ३२५ ला विकलेल्या प्रत्येक बुशबरोबर तुम्ही ७१ रुपये वरून देताय. वर्षाचे १४ लाख २० हजार. फ्लँज मात्र २१८ ला जवळपास ३१ लाख कमावून देतोय. दोन्हींची गोळाबेरीज जुन्या आणि नव्या हिशेबात सारखीच येते, १६ लाख ६० हजार, आणि ती यायलाच हवी. एबीसीने नफा बदलत नाही. तो कोण कमावतंय आणि कोण खातंय, एवढंच दिसतं. बुश वाढत गेले तसा सेटिंग, तपासणी आणि कागदपत्रांवरचा खर्चही वाढत गेला, आणि फ्लँजने तो मुकाट्याने झाकला. तुमचा नफा तीन वर्षं जागेवर का थांबला, त्याचं उत्तर हे.

हा घोटाळा काही भोसरीचा नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या वॉटर्लूमध्ये जॉन डिअरचा सुटे भाग बनवणारा विभाग १९८० च्या दशकात याच खड्ड्यात होता. कंपनीच्याच ट्रॅक्टर कारखान्याच्या कामासाठी त्यांना बाहेरच्या पुरवठादारांशी स्पर्धा करायची होती. मोठ्या संख्येचे, सोपे भाग बाहेरचे घेऊन जायचे आणि यांच्या पदरात कमी संख्येचे, कटकटीचे भाग पडायचे. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन यांनी आर्टेमिस मार्च यांच्याबरोबर त्यावर केस (वर्गात शिकवायची खरी हकीकत) लिहिली, आणि कॅप्लन व त्यांचे सहकारी रॉबिन कूपर यांच्या लिखाणातून एबीसीचा बोलबाला झाला. खर्च नगामुळे, लॉटमुळे, ड्रॉइंगमुळे की कारखाना उभा आहे म्हणून होतो, ही चार पायऱ्यांची विभागणी कूपरचीच. मला विचाराल तर एबीसीतलं निम्मं शहाणपण या चार पायऱ्यांत आहे. शेडचं भाडं मी बाजूला ठेवलं ते चौथ्या पायरीमुळे. ते कुठल्याच जॉबमुळे होत नाही, त्यामुळे ते नगाच्या गळ्यात मारून वेगळं काही कळत नाही. नफ्यातून भागतंय का, तेवढं बघायचं.

आता २०५ चं काय?

इथे घाई करू नका. २०५ ला फ्लँजमध्ये नगामागे १२ रुपये ६७ पैसे उरतात, वर्षाचे १५ लाख २० हजार. पण बुशमध्ये १४ लाख २० हजार जातायत. बुश आहे तसा ठेवून २०५ ला होकार दिलात तर हातात एक लाख राहील आणि त्यातून शेडचं भाडं निघणार नाही. नाही म्हणालात तर फ्लँज जाईल, सेटर, इन्स्पेक्टर, मशीनचे हप्ते इथेच राहतील, आणि तो सगळा बोजा एकट्या बुशवर येईल. फ्लँजचा भाव आणि बुशचा भाव हे दोन वेगळे निर्णय नाहीत, ही गाठ आधी लक्षात घ्या.

कस्टमरच्या परचेसवाल्याकडे जो कोटेशनचा फॉरमॅट असतो, त्यात मशीन-अवर रेट गुणिले सायकल टाइम, वर रिजेक्शनचे टक्के, ओव्हरहेडचे टक्के, नफ्याचे टक्के. त्याच्यापुढे असे पन्नास पुरवठादारांचे रेट पडलेले असतात. तुमचा ३०० चा रेट त्याला जास्त वाटतो आणि तुम्ही म्हणता, आमचा खर्चच तेवढा आहे. तुमचंही खरं आहे, त्याचंही खरं आहे. त्या ३०० मधले निम्मे मशीनचे आहेत. बाकीच्या निम्म्यातला बहुतेक बुशच्या कटकटीचा आहे, आणि तो भरायचं त्याला काहीच कारण नाही. २१० च्या आसपास तडजोड, त्याबदल्यात शेड्यूल पक्कं आणि लॉट मोठे, असं बोलणं करता येईल. नवी कॉस्ट शीट मात्र त्याच्या हातात देऊ नका. हे हसण्यावारी नेऊ नका. १९२ हा आकडा दिसला की २०५ चं बोलणं १९८ वर जातं.

बुशकडे येऊ, कारण दुरुस्ती तिथे आहे. ३९६ ही सरासरी आहे आणि सरासरी इथे फसवते. दहा नगांचा लॉट घ्या. सेटिंगचे २,५००, लॉट पास करण्याचे १,५००, खेपेचे १,००० मिळून पाच हजार. नगावर ५०० रुपये. मशीनचे ६० आणि मटेरियल-मजुरीचे १४० धरून ७०० रुपये झाले, अजून ड्रॉइंगचा खर्च बाकीच. तुम्ही तो ३२५ ला देताय. तोच बुश शंभरच्या लॉटमध्ये करा. पाच हजारांचे नगावर ५० होतात, एकूण २५०. वर्षात असे चार लॉट असतील तर ड्रॉइंगचे २५ धरून २७५, म्हणजे ३२५ ला चक्क ५० रुपये सुटतात. वाईट बुश नाही, वाईट लॉट आहे.

म्हणून माझा सल्ला: नगाचा भाव वाढवू नका, सेटिंग चार्ज वेगळा लावा. लॉटमागे अडीच हजार. वर्षाची ६०० सेटिंग आहेत, म्हणजे १५ लाख. तुमची सगळी तूट तिथे भरून निघते. काही पार्ट्या कुरकुर करतील, काही जातील, पण बऱ्याचशा वर्षाची गरज एकदम सांगायला लागतील, कारण आजवर दहा-दहा नग मागवायचे त्यांना काही मोलच पडत नव्हतं. ज्याची मशीन बंद पडली आहे आणि ज्याला उद्या सकाळी चार बुश हवेत, तो अडीच हजार देताना का-कू करत नाही, हाही माझा अनुभव.

एका बाबतीत सावध करतो, कारण एबीसी शिकून आलेली हुशार मुलं इथे हमखास घसरतात. ७६ पैकी पंचवीस ड्रॉइंग बंद केली की त्यांच्या नावावर लागलेला खर्च वाचला, असं होत नाही. सेटर दोनच आहेत आणि त्यांचा पगार चालूच राहणार. वाचलेला वेळ दुसऱ्या कामाने भरला, किंवा ओव्हरटाइम थांबला, किंवा तिसरा सेटर घ्यायचा बेत रद्द झाला, तरच पैसा हातात येतो. कोण किती वापरतंय, ते एबीसी दाखवतं. वापर थांबला की खर्च थांबेल का, हे तुम्हालाच ठरवायचं असतं.

तुमच्या बाबतीत मात्र वाचलेला वेळ लगेच कामाला येईल. बुशच्या ८,००० तास कटिंगसाठी मशीन ३,००० तास सेटिंगमध्ये उभी राहतात. उभ्या मशिनचा घसारा आणि हप्ता मी वर सेटिंगवर टाकलेला नाही, हिशेब सोपा राहावा म्हणून. टाकला तर बुश आणखी महाग दिसेल.

माहिती गोळा कशी करायची? बहुतेक ठिकाणी एबीसी मरतं ते इथे. मी स्वतः पहिल्यांदा हे काम घेतलं तेव्हा ४३ कामांची यादी केली होती. सुपरवायझरपासून स्टोअरच्या मुलापर्यंत सगळ्यांना तक्ते दिले: कुठल्या कामाला किती टक्के वेळ जातो, लिहा. तीन महिन्यांत तक्ते कोपऱ्यात पडले. त्यात प्रत्येकाच्या टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर. मी दोन तास रिकामा असतो, असं कोण लिहून देईल? रिकामा वेळही जॉबच्या कॉस्टमध्ये गेला आणि सगळेच जॉब महाग दिसले. मालकाने शीट बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विषय संपवला. त्या युनिटमध्ये पुन्हा कुणी एबीसीचं नाव काढलं नाही. (स्टोअरवाल्यांशी बोलताना एबीसी हा शब्द तसाही टाळा. ते तुम्हाला मालाची किमतीप्रमाणे ए, बी, सी वर्गवारी काढून देतील.)

कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये कामाला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबावर चालणारी सोपी पद्धत मांडली, ती याच दुखण्यावर. लोकांना टक्के विचारू नका. माणसाकडे कामाचे तास किती आणि एका कामाला वेळ किती, एवढंच घ्या. तुमच्या तपासणीचे १२ लाख बघू. दोन इन्स्पेक्टर, चहा-जेवण-मीटिंग वजा जाता वर्षाला प्रत्येकी २,००० तास, म्हणजे तासाला ३०० रुपये. एक लॉट पास करायला साडेतीन तास धरले तर ८०० लॉटना २,८०० तास लागतात, ८ लाख ४० हजारांचे. उरलेले १,२०० तास, ३ लाख ६० हजारांचे, हा रिकामा वेळ आहे. तो ना फ्लँजचा ना बुशचा. वर मी लॉटला १,५०० लावले, ते खरं म्हणजे १,०५० हवेत, आणि रिकाम्या वेळाची ओळ वेगळी तुमच्या टेबलावर यायला हवी. मात्र हे साडेतीन तास तुम्ही स्वतः घड्याळ लावून मोजा. मी इथे बसून सांगितलेला आकडा वापरू नका.

बाकी आकडे तुमच्याकडे पडलेलेच आहेत. सेटिंग किती झाली ते जॉब कार्डांच्या गठ्ठ्यात, लॉट किती पास झाले ते फर्स्ट पीस रिपोर्टच्या फाइलमध्ये. खेपा मोजायला इनव्हॉइसचे नंबर पुरेत. पगार आणि खर्च टॅलीत आहेतच, तिथे पाच कॉस्ट सेंटर (खर्चाचे कप्पे) उघडलीत की दर महिन्याला आपोआप वेगळे होतील. पाचच्या वर जाऊ नका, फार तर सात. वर्षातून एकदा दर नवे काढलेत की पुरे. आणि जे थेट जॉबला लावता येतं, ते ओव्हरहेडमध्ये टाकूच नका. इन्सर्ट (टूलची झिजली की बदलायची टोकं) हे त्याचं उदाहरण. स्टेनलेसचे बुश जेवढे इन्सर्ट खातात, ते सगळ्यांत वाटून काय मिळणार? स्टोअरमधून इन्सर्ट देताना स्लिपवर जॉब नंबर लिहायला लावा, झालं.

तुमचा सीए विचारेल की ताळेबंदातल्या स्टॉकला हा दर लावायचा का. घाई नको. स्टॉकच्या मूल्यांकनाचे नियम लेखा मानक २ मध्ये आहेत: उत्पादनाचा स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, आणि विक्रीचा खर्च स्टॉकमध्ये येत नाही. तुमच्या खेपांच्या दहा लाखांत डिस्पॅचही आहे, तो तिथे चालणार नाही. खर्चाच्या वैधानिक नोंदी ठेवण्याचे २०१४ चे नियम ठरावीक उद्योगांतल्या, ३५ कोटी किंवा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना लागतात. ही शीट भाव ठरवायला आहे, ती एक्सेलमध्ये राहू द्या.

आणि हो, प्रत्येकाला हे लागतं असंही नाही. एकच फ्लँज वर्षभर करणाऱ्याने यात वेळ घालवू नये, त्याचा मशीन-अवर रेट पुरेसा खरा असतो. लॉटच्या आकारात तुमच्यासारखी दहा नग विरुद्ध हजार नग अशी तफावत असेल, तरच मेहनतीचं चीज होतं.

पुढच्या बोलणीला अजून तीन आठवडे आहेत म्हणता. तेवढ्यात फक्त सेटिंग मोजा. आठही मशिनांवर एकेक वही लटकवा, आधीच्या जॉबचा शेवटचा नग निघाल्याची वेळ आणि नव्या जॉबचा पास झालेला पहिला नग निघाल्याची वेळ, एवढंच लिहायचं. सेटरला आधी बसवून सांगा की ही वही त्याच्यावर लक्ष ठेवायला नाही. नाहीतर सगळी सेटिंग बरोबर दोन तासांत झालेली दिसतील. वह्या भरल्या की बुशचे पाच तास खरंच पाच आहेत की साडेसहा, ते कळवा. साडेसहा निघाले तर अडीच हजारांचा चार्ज सव्वातीन हजारांवर न्यावा लागेल, आणि तो पार्ट्यांना सांगायचं पत्र कसं लिहावं यावर तेव्हा बोलू.